मावशीकडची खोड

चिमटीच्या उजव्या हाताला तीनच बोटं. अंगठा, त्याच्या शेजारचं आणि मधलं. उरलेली दोन फार वर्षांपूर्वी पुठ्ठ्याची खोकी बनवणाऱ्या एका कारखान्यात, दाबयंत्राखाली राहिली. 'चिमटी' हे नाव त्यानंतरचं. ते तिला असं चिकटलं, की पुढे कुणी कागदावरचं खरं नाव पुकारलं तर ती स्वतःच मान वळवून कोण आलंय ते बघायची.

नाव ठेवलं उस्तादांनी. पण उस्तादांना आणण्याआधी जागा उभी करायला हवी. रिकाम्या रंगमंचावर माणूस आला, तर तो कुठून आला आणि कुठे निघाला काहीच कळत नाही.

तर गावाबाहेर, झाडांच्या रांगेमागे, एक उंच बिनखिडक्यांची इमारत. तिच्या पोटात एक यंत्र. सूर्याच्या आत जे अखंड चालतं ते जमिनीवर, माणसाच्या ताब्यात, काही क्षण तरी चालवून बघायचं हा त्या यंत्राचा उद्योग. दिसायला ते पोलादाचं पोकळ कडं; बांगडीसारखं गोल, पण आत माणूस ताठ उभा राहील एवढं जाड. त्यातली हवा उपसून टाकायची, चिमूटभर वायू सोडायचा आणि तो इतका तापवायचा, की त्याचे अणू एकमेकांत मिसळावेत. एवढ्या तापलेल्या वायूला ठेवणार कुठल्या भांड्यात? म्हणून भोवती चुंबकांचा पहारा. वायूनं मधल्यामध्ये तरंगायचं, भिंतीला शिवायचं नाही. तरी तो कधीमधी शिवतोच, म्हणून भिंतींना आणि तळाला आतून टाइल्स बसवलेल्या.

या यंत्राला सगळे 'आत्याबाई' म्हणत. मान मोठा आणि नाक त्याहून मोठं. आत एखादा केस राहिला, बोटाचा तेलकट ठसा राहिला, की आत्याबाई फुगून बसायच्या. मग कितीही मिनतवाऱ्या करा, आतली हवा म्हणून नीट उपसली जात नसे. त्यात एवढ्या वर्षांच्या प्रयोगांनी आतलं पोलाद किरणोत्सर्गी झालेलं. माणसानं आत पाऊल टाकायची सोय नाही. म्हणून दुरुस्तीच्या वेळी आत जायची ती एक लांबलचक, सांध्यासांध्यांची सोंड, आणि तिच्या टोकाला दोन यांत्रिक हात.

ते हात हलवणारा माणूस बसायचा पलीकडच्या इमारतीत, एका अंधाऱ्याशा खोलीत, दोन मुठी धरून. इथे मूठ वळली की तिथला हात वळणार. तिथल्या हातानं जड उचललं की इथल्या मनगटाला वजन लागणार. भिंतीला टेकला तर टेकल्यासारखं कळणार. आणि त्या माणसाच्या शेजारी दुसरा माणूस, पडद्यांच्या भिंतीकडे तोंड करून. पहिल्याला म्हणायचे 'हात' आणि दुसऱ्याला 'डोळे'. डोळ्यांनी पुढचं काम सांगायचं, हातानं ते शब्द परत म्हणायचे, आणि मगच हलायचं. हातानं काही कळवलं, तर डोळ्यांनीही ते परत म्हणायचं. न म्हणता हललं, की दिवसभर बोलणी खायची.

आता मावशी. शेजारच्या शेडमध्ये त्या कड्याची एक फोड कापून ठेवावी तशी हुबेहूब प्रतिकृती उभी होती. तेच माप, तेच खाचखळगे, त्याच टाइल्स. फक्त एका बाजूनं उघडी, आणि तिथे काहीही किरणोत्सर्गी नाही. आत्याकडे गेलं की हात बांधून बसायचं आणि मावशीकडे हुंदडायचं, हे ज्याला लहानपण होतं त्याला सांगायला नको. तिथे टाइल पडली तर पडली, बोल्ट वाकला तर वाकला. आत्याबाईंच्या पोटात करायचं प्रत्येक काम आधी मावशीकडे, तिथल्या दुसऱ्या, तशाच सोंडेनं, मुठींनी आणि यांत्रिक हातांनी, इतक्या वेळा करायचं, की ते झोपेत करता यावं. तालीम म्हणतात ती हीच.

झाली जागा उभी. आता उस्ताद.

चिमटी तिथे आली होती ती भांडारात सामान लावायच्या कामासाठी. लेक तेव्हा लहान, तिला बरोबरच आणलेलं. बाहेरच्या बाकावर बसून ती लेकीच्या बुटांच्या नाड्या बांधत होती, उजवा हात पदराआड ठेवायची सवय क्षणभर विसरून. समोरून एक उंच, वाकलेला माणूस चहाचा कप घेऊन चालला होता. तो थांबला.

"बाई, जरा आत या."

"माझी मुलाखत त्या खोलीत आहे."

"ती खोली कुठे पळून जात नाही. या."

त्यांनी तिला त्या दोन मुठींसमोर बसवलं. तिनं डावा हात पुढे केला.

"उजवाही," उस्ताद म्हणाले. "लपवू नका. हे बघा, या मुठीत अंगठ्याला एक जागा आणि दोन बोटांना एक एक. झालं. माझी बाकीची दोन बोटं दिवसभर इथे नुसती बसून असतात. तुमची घरी राहिली, तर बिघडलं कुठे?"

त्या अपघातानंतर लोकांनी चिमटीला पुष्कळ काही ऐकवलं होतं. कुणी हळहळलं होतं, कुणी नजर चुकवली होती, कामाच्या चौकशीला गेली तर कुणी फाटकावरूनच परत पाठवलं होतं. त्या बोटांवर विनोद करणारा हा पहिलाच माणूस. तिला हसू आलं आणि हसू आलं याचंच रडू आलं.

उस्तादांनी पलीकडे टेबलावर एक काडेपेटी ठेवली. यांत्रिक हातानं तिच्यातली एक काडी काढायची आणि परत ठेवायची. चिमटीनं पहिल्या फटक्यात काडेपेटीचा चुराडा केला.

"छान," उस्ताद म्हणाले आणि खण उघडून दुसरी काढली. खण काडेपेट्यांनी भरलेला होता.

दुपार कलली तेव्हा एक काडी शाबूत उचलली गेली आणि शाबूत परत गेली. टेबलाखाली लाकडाचा आणि पुठ्ठ्याचा केर झाला होता. "चिमटी आहेस गं," उस्ताद म्हणाले, "नुसती चिमटी." अहो-जाहो तिथेच संपलं.

वर्षं गेली. उस्तादांचे कान आधी थकले आणि मग गुडघे. निवृत्त होताना त्यांनी आपली खुर्ची चिमटीला द्यायला सांगितली, तेव्हा वरच्या मजल्यावर दोघातिघांच्या भुवया चढल्या. मोठी दुरुस्ती तोंडावर आलेली. आत्याबाईंच्या तळाच्या सगळ्या जुन्या काळ्या टाइल्स काढून तिथे नव्या, धातूच्या, जास्त आच सोसणाऱ्या टाइल्स बसवायच्या होत्या. अशा वेळी तीन बोटांची बाई? उस्ताद म्हणाले, "शब्द माझा." विषय संपला. पण चिमटीसाठी तो तिथेच सुरू झाला. उस्तादांचा शब्द खाली पडू नये, ही एकच धास्ती पाठीवर घेऊन ती रोज कामाला येई.

तिचे डोळे म्हणजे पोपट. सारखं म्हणून दाखवायचं काम, म्हणून पोपट. गोल चेहरा, गोल पोट, आणि तोंडात कायम पेपरमिंटची गोळी.

त्या दिवशी दोघं कोपऱ्यातल्या टाइलपाशी पोचले होते. तळाच्या अगदी कडेला, एका जाड नळीच्या आडोशाला बसणारी ही टाइल. नळीमुळे तिथे सोंडेला तिरकं शिरावं लागे. मावशीकडे या टाइलनं दोघांचा घाम काढला होता, पण शेवटी ती अशी हाती आली होती, की पोपट डोळे मिटून सांगायचा आणि चिमटी गुणगुणत बसवायची.

"डावा हात टाइलवर," पोपट म्हणाला.

"डावा हात टाइलवर."

"उजव्यात पाना. पाना बोल्टच्या डोक्यावर."

"पाना बोल्टच्या डोक्यावर. तुमच्या तोंडात गोळी आहे, पोपटराव."

"गोळी तोंडात आहे," पोपटनं नियमाप्रमाणे परत म्हटलं. "फिरव."

"फिरवते."

बोल्ट लोण्यात सुरी जावी तसा थोडा गेला. आणि मग चिमटीच्या मुठीत एकदम दगड आला.

हे समजायला एक गोष्ट माहीत हवी. आत्याबाईंच्या पोटात तेलाचा थेंब चालत नाही, वंगण नाही, काही नाही. कोरडा बोल्ट कोरड्या आट्यांत सरळ गेला तर जातो. जरा तिरका शिरला, की धातू धातूला चावतो आणि सोडत नाही. मागे फिरवायला गेलं तर डोकं पिळून तुटतं. मग आत ड्रिल न्यायचं, बोल्ट पोखरायचा, आणि आत्याबाईंच्या पोटात धातूचा कीस सांडायचा. तो कीस वेचण्यात अख्खा मोसम जाणार, आणि या दुरुस्तीकडे डोळे लावून बसलेल्या सगळ्या प्रयोगवाल्यांचं काम तेवढं पुढे जाणार.

अशा वेळी नियम एकच: अडलं की हात उघडे. चिमटीनं मुठी सोडल्या. पडद्यावर दोन यांत्रिक हात बोटं पसरून अधांतरी उभे राहिले, कुणी शपथ घ्यावी तसे.

"बोल्ट चावला," ती म्हणाली.

पोपटनं ते परत म्हटलं नाही. त्यानं गोळी गिळली.

मोठ्या बाई आल्या. या दुरुस्तीच्या मुख्य इंजिनिअर. चिमटीच्या खांद्याला लागतील एवढ्या उंचीच्या, म्हणून नाव मोठ्या बाई. त्यांनी पडद्याकडे पाहिलं, चिमटीकडे पाहिलं, आणि म्हणाल्या, "सोंड आहे तिथेच राहू दे. सगळ्यांनी चहा घ्या. आज यापुढे कुणी काही हलवायचं नाही."

चहा कुणाला जाणार होता?

घरी संध्याकाळी लेकीनं ताट वाढलं. लेक आता मोठी, एका दवाखान्यात नर्स. आईनं भाजीतला एकच तुकडा ताटात या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवलेला तिनं पाहिला.

"काय तुटलं?"

"अजून काही नाही."

"मग तोंड असं का?"

"उस्तादांनी शब्द दिला होता गं."

"शब्द दिला होता की तू कधी चुकणार नाहीस?" लेक म्हणाली. "असं म्हणाले असतील तर त्यांचंच चुकलं. आमच्याकडे शीर सापडली नाही तर आम्ही दुसऱ्या हाताची बघतो. दंड कापून फेकत नाही. जेव."

चिमटी जेवली. लेकीपुढे कुणाचं चालतं?

दुसऱ्या दिवशी मोठ्या बाईंनी दोन पडदे शेजारी शेजारी लावायला सांगितले. एकावर मावशीकडची शेवटची तालीम, दुसऱ्यावर कालचं. दोन्ही चित्रं एकदमच सुरू केली. तोच कोपरा, तेच दोन हात, पोपटचा तोच आवाज. सगळे पुढे वाकून उजव्या हाताकडे, पान्याकडे बघत होते. पोपट मात्र, सवयीनं, सगळीकडे बघत होता.

"मागे घ्या," तो म्हणाला. "डावा हात बघा."

पाना फिरायच्या अगदी आधी डाव्या हातानं टाइल आतल्या बाजूला दाबली होती. जेमतेम दिसेल एवढी. मावशीकडेही, आत्याबाईंकडेही.

"हे कामात लिहिलेलं नाही," मोठ्या बाई म्हणाल्या. "मी नाही लिहिलं."

"मी सांगितलंही नाही," पोपट म्हणाला.

चिमटी पडद्याकडे टक लावून राहिली. "मला आठवतच नाही असं केल्याचं," ती सावकाश म्हणाली. "पण हात माझाच आहे."

मोठ्या बाई रागावल्या नाहीत. त्यांनी एक प्रश्न विचारला, आणि त्या प्रश्नाबद्दल चिमटी त्यांना जन्मभर दुवा देणार होती. त्या म्हणाल्या, "हाताला हे शिकवलं कुणी?"

सगळी वरात शेडमध्ये मावशीकडे गेली. चिमटीनं तिथल्या कोपऱ्यात टाइल ठेवली आणि डावा हात मुद्दाम बाजूला ठेवून पाना फिरवला. बोल्ट आट्याला धरेचना. डाव्या हातानं कणभर दाबलं, तर सुतासारखा सरळ गेला. लेथवाले मामा, म्हणजे सुटे भाग घडवणारे तिथले जुने कारागीर, पोटावर झोपून आत शिरले, टाइलखालच्या आधारपट्टीवर सरळ पट्टी धरली आणि आतूनच म्हणाले, "वाकडी आहे. केसभर. पण आहे."

मावशी वाकडी होती. मावशीच्या मांडीवर शिकलेल्या हातानं तिचं वाकडेपण पोटात घातलं होतं आणि कुणाला न सांगता, खुद्द चिमटीलाही न सांगता, आत्याबाईंकडे नेलं होतं. नाटकात असं होतं. तालमीच्या खोलीत मधोमध खांब असला, की नट त्याला वळसा घालायला शिकतात; आणि पहिल्या प्रयोगाला, मोकळ्या रंगमंचावर, राजा झालेला नट तिथे नसलेल्या खांबाला वळसा घालून सिंहासनाकडे जातो. प्रेक्षकांना वाटतं, काय डौल आहे.

दुसऱ्या पाळीचा 'हात' हे सगळं मागे उभा राहून ऐकत होता. तो पुढे आला आणि म्हणाला, "माझाही डावा हात दाबतो. मी आत्ता इथे उभ्या उभ्या, मूठ धरल्यासारखं करून पाहिलं. कोपरा तुझ्या वाट्याला आधी आला म्हणून मी वाचलो, ताई." हे त्यानं सगळ्यांसमोर म्हटलं. म्हणायची काही गरज नव्हती.

पट्टी वाकली कशी, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. मोठ्या बाईंनी उस्तादांना बोलावून घेतलं. ते आले, काठी टेकत, मानेला मफलर. कानाशी ओरडून त्यांना सगळं सांगितलं. ते पट्टीपाशी वाकले.

"ही माझी," ते म्हणाले. "तू यायच्याही आधीची गोष्ट. माझ्या हातून तिथे एक अवजड कप्पी पडली होती. पट्टी वाकली, ती हातोडीनं ठोकून सरळ केली. म्हटलं, मावशीला काय, चालतं." मग चिमटीकडे वळून हळू आवाजात म्हणाले, "म्हणजे तुझा बोल्ट मीच अडकवला."

"काय म्हणालात?" चिमटीनं ओरडून विचारलं.

"म्हटलं, मीच अडकवला!"

"ऐकू नाही आलं," चिमटी म्हणाली.

उस्तादांना, बऱ्याच दिवसांनी, कुणीतरी त्यांच्याच दुखण्यानं उत्तर दिलं होतं. ते हसायला लागले आणि मग सगळेच हसले. हसणं थांबल्यावर मात्र चिमटीनं त्यांची काठी धरली आणि नीट त्यांच्या कानाशी सांगितलं, "या मावशीकडे पडझड झाली नसती तर माझा हातच झाला नसता. तुम्ही ती पट्टी मनातून काढून टाका."

पण बोल्ट अजून चावलेलाच होता. तो काढणार कोण? चिमटी मोठ्या बाईंना म्हणाली, "दुसऱ्या जोडीला द्या. मी बाजूला होते."

"नाही," मोठ्या बाई म्हणाल्या. "तो किती चावलाय ते पडद्यावर दिसत नाही. ते फक्त तुझ्या मुठीला लागलंय. तूच काढायचास. पण आधी मावशीकडे. मामा, पट्टी सरळ करा. आणि अशा बोल्टांचा ढीग लागेल मला. वाया घालवायला."

'वाया घालवायला' हे शब्द ऐकून लेथवाल्या मामांच्या कपाळाला आठी पडेल असं सगळ्यांना वाटलं. मामांचा एकेक बोल्ट म्हणजे दागिना; ते तो कापडात गुंडाळून द्यायचे आणि देताना 'जपून' म्हणायचे. मामांनी चष्मा पुसला. "घाला," ते म्हणाले. "करतो."

आता आधी बोल्ट अडकवायला हवा होता, आत्याबाईंकडे अडकलाय तस्साच. पट्टी सरळ झालेली. आता डाव्या हातानं दाबलं की बोल्ट तिरका जाणार आणि चावणार. आणि इथे एक गंमत झाली. न विचारता बोल्ट अडकवणारा तो डावा हात आता सांगून अडकवेना. चिमटी दाबायला जाई आणि हात नको तेवढा दाबे, नाहीतर दाबतच नसे.

"बघ, बघ," पोपट म्हणाला. "आता भलता शहाणा झालाय."

"शहाण्यांच्या शेजारी बसून बसून."

"मग मी जरा लांब बसतो."

त्यांच्या अशा गप्पांत हात सैल झाला आणि पहिला बोल्ट हवा तसा चावला. मग काढायची तालीम. पहिल्याचं डोकं तुटलं. दुसऱ्याचंही. मामा लेथवरून उठून यायचे, कापडातला नवा बोल्ट पोपटच्या हाती द्यायचे, तुटलेला उचलून खिशात टाकायचे आणि निघून जायचे. एकदाही 'जपून' म्हणाले नाहीत. चिमटीला ते न म्हणणं पाठीवरच्या हातासारखं वाटे.

मोठ्या बाईंनी एक गोष्ट शोधली: डाव्या हातानं टाइल उलट बाजूला, बाहेरच्या अंगाला ओढून धरली, तर आट्यांवरचा ताण कमी होतो. त्यानं बोल्ट हलू लागला, पण तुटायचा राहिला नाही. मग उस्ताद, जे रोज येऊन मागच्या खुर्चीवर बसत होते आणि ज्यांना काही ऐकू येत नसल्यानं ते झोपलेत असंच सगळ्यांना वाटे, उठून चिमटीच्या मागे उभे राहिले. त्यांनी तिच्या मुठीवर आपला हात ठेवला.

"तू ओढतेयस," ते म्हणाले. "ओढू नकोस. थोडा पुढेच जाऊ दे. मग तेवढाच मागे. पुन्हा पुढे. बोल्टला वाटलं पाहिजे, आपल्या मनानं निघालो."

पुढे घालायचा? अडकलेला आणखी आत? पण त्या हाताखाली चिमटीनं तसं केलं. कणभर पुढे, कणभर मागे. मुठीतला दगड तसाच होता. मग दगडात कुठेतरी, अगदी आत, रेती सरकावी तसं काहीतरी सरकलं. पुढे. मागे. बोल्ट डोक्यासकट बाहेर आला.

पुढचा तुटला. त्याच्या पुढचा निघाला. मग निघतच राहिले, आणि एका सकाळी मोठ्या बाई म्हणाल्या, "चला, आत्याबाईंकडे."

खोलीत त्या दिवशी गर्दी होती आणि सगळे, 'थांबत नाही' म्हणत म्हणत, भिंतीला टेकून उभे राहिले. पोपटनं गोळी तोंडातून काढून कागदात गुंडाळली. हे त्यानं आजवर कधी केलेलं कुणी पाहिलं नव्हतं.

"डावा हात टाइलवर. बाहेरच्या अंगाला."

"डावा हात टाइलवर, बाहेरच्या अंगाला."

"पाना बोल्टवर."

"पाना बोल्टवर."

"पुढे. कणभर."

"पुढे, कणभर."

चिमटीनं डोळे मिटले. तिच्यापुरतं बघायचं काम पोपट करत होता आणि तो ते नीट करणार, याबद्दल तिच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. पुढे. मागे. मुठीत तोच दगड. पुढे. मागे. तिला उस्तादांचा हात आपल्या हातावर जाणवला, पण उस्ताद तर मागे भिंतीशी उभे होते. मामांचे बोल्ट आठवले, लेकीनं पुढे सरकवलेलं ताट आठवलं, दुसऱ्या पाळीच्या त्या भल्या माणसाचं 'माझाही दाबतो' आठवलं. तीन बोटांच्या मुठीत एवढी माणसं मावतात हे तिला आधी ठाऊक नव्हतं. पुढे. मागे. पुढे.

रेती सरकली.

"सरकली," ती म्हणाली.

"काय सरकली?"

"बोल्ट, पोपटराव. बोल्ट सरकला."

"बोल्ट सरकला," पोपटनं परत म्हटलं.

बोल्ट बाहेर आला, अख्खा. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, कारण सोंड अजून आत होती आणि काम संपलेलं नव्हतं. मोठ्या बाईंनी कॅमेरा जवळ न्यायला लावून आटे तपासले. ओरखडलेले होते, पण धरतील असे.

"नवा बोल्ट उद्या घालायचा का? दमली असशील," त्या म्हणाल्या.

"आत्ताच घालते. हाताला आठवतंय तोवर."

नव्या बोल्टवर पाना टेकला. चिमटीला कळलं, की डावा हात अजूनही, अगदी आत कुठेतरी, दाबू बघतोय. ती त्याला रागे भरली नाही. नुसता उघडा ठेवला, टाइलवर, पोराच्या पाठीवर ठेवावा तसा. बोल्ट शेवटपर्यंत गेला.

बाकीच्या टाइल्स दोन्ही जोड्यांनी मिळून बसवल्या. मग सोंड निघाली, झाकणं लागली, आतली हवा उपसली. आत्याबाई आठवडेच्या आठवडे रुसल्या आणि मग हळूहळू निवळल्या.

पहिल्या प्रयोगाच्या दिवशी मोठ्या दालनात बसायला जागा नव्हती. चिमटी आणि पोपट मागच्या रांगेत उभे होते, उस्तादांना पुढच्या खुर्चीवर बसवलं होतं. भिंतीवर भलामोठा पडदा, त्यावर आत्याबाईंच्या पोटातलं काळं चित्र. उलटे मोजलेले आकडे शून्यावर आले, आणि त्या काळोखात एकाएकी गुलाबी, निळसर उजेड उभा राहिला. धुक्यासारखा, कडेनं लवलवणारा. दालनातले सगळे त्याच्याकडे बघत होते.

"अगं, कुठे बघतेयस?" पोपट कुजबुजला. "उजेड तिकडे आहे. मधे."

"माहितीये."

चिमटी पडद्याच्या खालच्या कोपऱ्याकडे बघत होती. तिथे नळीच्या आडोशाला एक टाइल होती. वर एवढं रण पेटलेलं असताना ती टाइल आपल्या जागी मुकाट बसली होती. उजेड विझला, लोक एकमेकांना मिठ्या मारू लागले, आणि चिमटी वाट काढत पुढे निघाली. उस्तादांना काही ऐकू आलं नसणार. काय झालं ते त्यांना कानाशी जाऊन कुणीतरी सांगायला हवं होतं.